भगत यांच्या सहीचा अहवाल खुला करा

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी कराडचा, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या गावचा. नोकरीची सगळी वर्षं हायस्कूलच्या मुलांना इतिहास शिकवण्यात गेली. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेत कुणीच गेलेलं नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. त्यामुळे युद्धाचा धडा आला की मुलं पुस्तकातलं कमी आणि घरात ऐकलेलंच जास्त बोलतात. कारगिलचं बोलतात, एकाहत्तरचं बोलतात, कुणाच्या आजोबांनी पासष्टला रणगाडा पाहिलेला असतो. बासष्टच्या चीन युद्धाचं मात्र कुणाच्याच घरात काही सांगितलेलं नसतं.

आमच्या आळीत एक निवृत्त हवालदार राहायचे. एकाहत्तरचं कितीदाही विचारा, रंगवून सांगायचे. कराडच्या विजय दिवसाला दरवर्षी पदकं लावून हजर असायचे. बासष्ट साली ते नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात होते. तो विषय काढला की म्हणायचे, ‘‘गुरुजी, ते राहू द्या.’’ ते राहूनच गेलं. ते वारले त्याला आता बरीच वर्षं झाली.

ज्या माणसांना स्वतःच्या तोंडाने हे सांगता आलं नाही, त्यांच्या वतीने आपल्याच लष्करातल्या दोन अधिकाऱ्यांनी सगळं कागदावर उतरवून ठेवलं आहे. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंह भगत यांचा बासष्टच्या पराभवावरचा १९६३ सालचा तो अहवाल आपल्या मंत्रालयात आहे. साठ वर्षं उलटून गेली तरी तो अतिगोपनीयच आहे. तो खुला करावा, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे.

अहवालाची चर्चा होते तेव्हा हेंडरसन ब्रुक्स यांचं नाव पुढे येतं आणि भगत यांचं मागे पडतं. मला मात्र भगत यांच्याबद्दलच बोलायचं आहे. त्या कागदावर कोणत्या माणसाची सही आहे हे कळलं, तर तो लपवून ठेवणं किती चुकीचं आहे ते वेगळं सांगावं लागणार नाही.

भगत उत्तरेकडचे. जन्म १४ ऑक्टोबर १९१८ चा. वडील संयुक्त प्रांताच्या सरकारी नोकरीत इंजिनिअर. शिक्षण डेहराडूनच्या सैनिकी शाळेत आणि मग तिथल्याच इंडियन मिलिटरी अकादमीत. जुलै १९३९ मध्ये त्यांना कमिशन मिळालं आणि दोन महिन्यांच्या आत दुसरं महायुद्ध सुरू झालं. नेमणूक झाली ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीत, रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये. बॉम्बे सॅपर्सचं घर आजही खडकीतच आहे आणि त्या पलटणीत आमच्याकडच्या मराठा गड्यांच्या कितीतरी पिढ्या भरती झाल्या. रस्ता करणं, पूल बांधणं, वेळ आली की तोच पूल उडवणं आणि शत्रूने पेरलेले सुरुंग काढणं, ही सॅपरची कामं. लढाई सुरू असताना बाकीचे आडोसा शोधतात, तेव्हा सॅपरला उघड्यावर जाऊन हातानं काम करायचं असतं.

ती फौज ब्रिटिशांची होती, हे मी विसरलेलो नाही. व्हाइसरॉयनी भारतातल्या कुणालाही न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं होतं. अकादमीतून निघालेल्या हिंदी अधिकाऱ्याला त्याच हुद्द्याच्या गोऱ्या अधिकाऱ्यापेक्षा पगार कमी होता. असल्या फौजेतल्या पदकांचं कौतुक कशाला करायचं, असं माझे काही विद्यार्थी मला विचारत आणि मला तो प्रश्न योग्यच वाटे. मी त्यांना भगत यांच्या पदकामागची हकीकत तपशिलात सांगायचो आणि ठरवायचं काम त्यांच्यावर सोडायचो.

भगत यांची कंपनी पाचव्या हिंदी डिव्हिजनबरोबर १९४० मध्ये सुदानला गेली. ब्रिगेडचे प्रमुख होते पुढे ब्रह्मदेशात नाव कमावलेले विल्यम स्लिम. सुदान आणि अबिसिनिया (आजचा इथिओपिया) यांच्या सीमेवर गलाबाट नावाचं ठाणं होतं आणि समोर पलीकडे मेतेम्मा. अबिसिनिया तेव्हा इटलीच्या ताब्यात होता. नोव्हेंबर १९४० मध्ये स्लिम यांनी गलाबाट घेतलं, पण इटालियन विमानांच्या माऱ्यापुढे ते सोडावं लागलं. माघार घेताना शत्रूची वाट अडवायची म्हणून नादुरुस्त झालेल्या रणगाड्यांत स्फोटकं भरून एक मोरी उडवायची होती. सुरुंग पूर्ण पेटला नाही. तेव्हा गोळीबार चालू असताना बावीस वर्षांचा हा सेकंड लेफ्टनंट पुन्हा आत गेला आणि काम पुरं करून परतला. त्या वेळी युद्धवृत्तांतात नाव आलं, एवढीच नोंद झाली.

खरी परीक्षा पुढे होती. ३१ जानेवारी १९४१ च्या रात्री इटालियन मेतेम्मा सोडून गोंदरच्या दिशेने मागे हटू लागले. पाठलाग लगेच करायला हवा होता, कारण शत्रूला दम खायला वेळ मिळाला तर तो पुढच्या डोंगरात पाय रोवून बसला असता. जाता जाता इटालियनांनी रस्ता आणि रस्त्याच्या कडा सुरुंगांनी भरून ठेवल्या होत्या. पाठलागाच्या तांड्यात सगळ्यांत पुढे ब्रेन कॅरिअर होत्या. साखळीच्या पट्ट्यांवर चालणारी, वरून उघडी, पातळ पत्र्याची ती हलकी गाडी. तळाशी सुरुंग फुटला तर आतल्या माणसांना वाचवेल असं तिच्यात काही नव्हतं. सुरुंग शोधणारी विजेवर चालणारी यंत्रं तेव्हा या आघाडीपर्यंत आलेली नव्हती. नजर, संगिनीचं टोक आणि हाताचा अंदाज, यांवरच सगळी भिस्त.

सर्वांत पुढच्या कॅरिअरमध्ये भगत बसले. चार दिवस, पंचावन्न मैल. या वाटेवर पंधरा ठिकाणचे सुरुंगपट्टे त्यांनी स्वतः हुडकले आणि स्वतः उभं राहून साफ करून घेतले. पहाटे फटफटल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. दोनदा त्यांची कॅरिअर सुरुंगावर जाऊन उडाली आणि बरोबरची माणसं दगावली, जखमी झाली. तिसऱ्यांदा दबा धरून बसलेल्या शत्रूने अगदी जवळून गोळीबार केला. प्रत्येक वेळी भगत उठून दुसऱ्या गाडीत बसले आणि काम पुढे चालू ठेवलं. स्फोटाने एका कानाचा पडदा फाटला. अंगात त्राण उरलं नव्हतं. वरिष्ठांनी त्यांच्या जागी दुसरा अधिकारी पाठवायची तयारी दाखवली, तेव्हा त्यांनी नकार दिला. या रस्त्यावरचे सुरुंग कसे पेरले आहेत हे एव्हाना मला इतरांपेक्षा चांगलं कळलं आहे, तेव्हा शेवटपर्यंत मलाच करू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. हे सगळं सन्मानपत्रात नोंदलेलं आहे. शहाण्णव तास टिकलेल्या चिकाटीचा त्यात खास उल्लेख आहे.

सन्मानपत्रातली हीच गोष्ट मी वर्गात पुनःपुन्हा वाचून दाखवायचो. एका क्षणाच्या आवेशात माणूस खंदकातून उडी मारतो, त्याचं धैर्य मोठंच असतं. आमच्याकडच्या माणगावच्या यशवंत घाडगे यांनी इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकट्यानं धाव घेतली आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिश फौजेतलं शौर्याचं सर्वोच्च पदक) मिळवला, त्यांच्यापुढे मान लवतेच. भगत यांचं धैर्य मात्र चार दिवस दर फुटावर नव्यानं दाखवावं लागणारं होतं. पुढच्या पावलाखाली काय आहे हे माहीत असून तपासायचं, सापडलं ते मोजायचं, मागच्यांना वाट मोकळी करून द्यायची आणि परत पुढे. त्यांच्या मागे शेकडो माणसं येत होती. त्यांच्या डोळ्यांनी एक सुरुंग चुकवला असता तर त्याची किंमत त्या माणसांनी दिली असती. पदक देणारा राजा परका होता हे खरं, पण मागून येणारी बरीच माणसं आपल्याच गावखेड्यांतली होती.

जून १९४१ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी.

स्वातंत्र्यानंतर ते खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या केंद्राचे प्रमुख म्हणून परतले. पुढची वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण मला १९६२ पर्यंत यायचं आहे. ब्रिगेडचं नेतृत्व, लष्करी गुप्तवार्ता विभागाचं संचालकपद आणि मग डेहराडूनच्या अकादमीचे प्रमुख. ज्या मैदानावर ते स्वतः घडले तिथेच आता ते नवे अधिकारी घडवत होते. त्याच सुमारास हिमालयात काय घडलं ते आपणास ठाऊक आहे. २० ऑक्टोबर १९६२ ला नेफातल्या नामका चू नदीच्या काठावर सातवी ब्रिगेड चिरडली गेली आणि तिचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी दोन दिवसांनी चिन्यांच्या हाती लागले. नोव्हेंबरच्या मध्यावर नेफातलीच से ला खिंड आणि बोमदिला पडलं. सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ जण ठार, १,६९६ बेपत्ता आणि जवळजवळ चार हजार कैदी. चीनने युद्धबंदी जाहीर केली त्याच २१ नोव्हेंबरला यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रं हाती घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आमच्याकडे आजही अभिमानाने सांगतात.

त्यानंतर महिन्याभरातच नवे लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधरी यांनी चौकशी नेमली. हेंडरसन ब्रुक्स प्रमुख आणि भगत सदस्य. चौकशीची चौकट अरुंद होती. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकुमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता आणि सर्व पातळ्यांवरच्या अधिकाऱ्यांचा आपल्या माणसांवरचा प्रभाव, एवढेच मुद्दे तपासायचे होते. लष्कर मुख्यालयाच्या आणि दिल्लीतल्या राजकीय निर्णयांच्या खोलात शिरणं त्या चौकटीत बसत नव्हतं. जुलै १९६३ मध्ये अहवाल यशवंतरावांकडे पोहोचला आणि २ सप्टेंबरला त्यांनी संसदेत त्याच्या निष्कर्षांवर निवेदन केलं. अहवाल सभागृहापुढे ठेवला नाही. चीन समोर उभा होता, सैन्य नव्यानं उभं करायचं होतं, जवानांचं मनोधैर्य सांभाळायचं होतं. १९६३ साली तो निर्णय योग्यच होता असं मी आजही म्हणेन. यशवंतरावांनी तेव्हा डिव्हिजना वाढवल्या, पर्वतीय युद्धाचं प्रशिक्षण सुरू केलं आणि १९६५ मध्ये त्याचं फळ देशाला दिसलं.

पण १९६३ चा निर्णय २०१० मध्ये आणि २०१४ मध्ये जशाचा तसा का राहावा? २००९ मध्ये पत्रकार कुलदीप नय्यर यांचं माहितीच्या अधिकारातलं अपील केंद्रीय माहिती आयोगाने फेटाळलं. २०१० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की अहवालातला मजकूर अतिशय संवेदनशील आहे आणि आजच्या लष्करी कारवायांच्या दृष्टीनेही त्याला महत्त्व आहे. मार्च २०१४ मध्ये ब्रिटिश पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी अहवालाच्या पहिल्या खंडाचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या अरुण जेटलींनी तो दडवून ठेवण्यावर टीका केली. त्याच वर्षी ते संरक्षणमंत्री झाले आणि जुलैत राज्यसभेत उत्तर आलं की अहवाल जाहीर करणं देशहिताचं नाही. सत्तेवर कोण आहे याने काहीच फरक पडलेला नाही, म्हणून हे पत्र मी कोणत्याही पक्षाच्या बाजूने वा विरोधात लिहीत नाही.

‘आजच्या कारवायांच्या दृष्टीने महत्त्व’ या कारणाचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. १९६२ साली तवांगच्या पलीकडे चाकाची गाडी जात नव्हती. जवानांच्या हातात पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या बनावटीची .३०३ रायफल होती आणि अंगावर मैदानी प्रदेशातले कपडे. रसद विमानातून टाकली जाई आणि त्यातली बरीच दरीत जाई. आज से ला खिंडीखालून बोगदा गेला आहे, पुढच्या ठाण्यांपर्यंत रस्ते आहेत, हवाई तळ आहेत आणि त्या डोंगरांसाठी खास घडवलेल्या डिव्हिजना आहेत. तेव्हा कोणती तुकडी कोणत्या कड्यावर होती हे तिथे लढलेल्या अधिकाऱ्यांच्या छापील आठवणींत नकाशांसह सापडतं. आणि पहिला खंड तर जगभर उतरवून घेतला गेला आहे. चीनच्या लष्कराला तो वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. परवानगी लागते ती फक्त माझ्यासारख्या मास्तराला, आणि त्या हवालदारांच्या नातवाला.

समजा, एखाद्या परिशिष्टात आजही जपायला हवं असं काही असेल. त्याचीही सोय कायद्यात आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम १० सांगतं की जो भाग देता येत नाही तो वेगळा काढून उरलेला द्यावा. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीचा अहवाल आला तेव्हा नेमकं हेच केलं गेलं. काही उतारे गाळून तो २००० साली संसदेपुढे ठेवला आणि देशाने वाचला. त्याने लष्कर दुबळं झालं असं कुणी म्हणालं नाही, उलट त्या अहवालामुळे सुधारणांना जोर आला. १९७१ च्या पराभवावरचा हमूदुर रहमान आयोगाचा अहवाल पाकिस्ताननेसुद्धा २००० मध्ये खुला केला. लोकशाही म्हणून आपण त्यांच्या मागे राहावं, हे मला सलतं.

आणि आपल्याच मंत्रालयाचं धोरण काय सांगतं? जून २०२१ मध्ये आपण युद्धविषयक कागदपत्रांचं धोरण मंजूर केलंत. पंचवीस वर्षांहून जुने कागद साधारणपणे खुले व्हावेत, अभिलेखतज्ज्ञांनी तपासून ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पूर्वीच्या चुकांपासून धडा घेता यावा म्हणून युद्धांचा इतिहास वेळेत लिहिला जावा, अशी शिफारस सुब्रह्मण्यम समितीनेच केली होती, याची आठवणही त्या वेळी मंत्रालयाने करून दिली होती. ते वाचून मला फार आनंद झाला होता. या हिशेबाने भगत यांच्या सहीचा कागद १९८८ साली खुला व्हायला हवा होता. आपल्या इतिहास विभागाने १९६२ च्या युद्धाचा जो इतिहास १९९२ मध्ये तयार केला, तोसुद्धा सरकारने रीतसर छापून वाचकांपुढे ठेवला नाही. धोरण आहे, कायदा आहे, पूर्वीचं उदाहरण आहे. उरते ती फक्त आपली सही.

अहवाल बंद ठेवल्याने कुणाचं नुकसान होतं, तेही सांगतो. पहिलं नुकसान लढणाऱ्यांचं. पूर्ण कागद समोर नसल्यामुळे बासष्टचा सगळा इतिहास ‘आपण पळालो’ या एका वाक्यात गुंडाळला जातो. लडाखमधल्या रेझांग ला इथे १३ कुमाऊँ पलटणीची एक आख्खी कंपनी जागेवर लढत संपली, हे माहीत असूनही. कुठे हुकूम चुकला, कुठे शस्त्रं पोहोचली नाहीत, कुठे अधिकारी कमी पडले आणि कुठे जवान शेवटच्या गोळीपर्यंत उभे राहिले, हे वेगवेगळं करून सांगणारा अधिकृत कागद एकच आहे. तो दाबून ठेवल्याने चुका करणारे आणि प्राण देणारे एकाच पोत्यात भरले गेले. आमच्या हवालदारांना आपण कशामुळे हरलो हे सरकारच्या शब्दांत वाचायला मिळालं असतं, तर कदाचित ते बोललेही असते.

दुसरं नुकसान, ज्यांनी आधीच सांगितलं होतं त्यांचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हेही ब्रिटिश फौजेतून पुढे आलेले, सॅन्डहर्स्टला शिकलेले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी आपली पंजाबी पलटण घेऊन जपान्यांच्या ताब्यातली टेकडी जिंकली आणि डी.एस.ओ. हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळवला. पूर्व विभागाचे सेनाप्रमुख असताना ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या संरक्षणाला किती सैन्य लागेल आणि बचावाची फळी कुठे असावी हे लेखी कळवलं. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेऊन तेच पुन्हा दाखवून दिलं. दिल्लीने ते मनावर घेतलं नाही. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले आणि पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. आमच्या भागात आजही लोक त्यांचं नाव आदराने घेतात. त्यांनी दिलेला इशारा आणि भगत यांनी केलेली चौकशी हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचल्याशिवाय १९६२ चा अभ्यास पुरा होत नाही. अकादमीतल्या छात्रांना तो अभ्यास करता आला पाहिजे.

तिसरं नुकसान खुद्द भगत यांचं. फुटलेल्या खंडातली वाक्यं सुटी काढून आज कोणीही कोणाहीवर फेकतो. एक पक्ष नेहरूंवर, दुसरा सेनापतींवर. लेखकांनी मागचापुढचा संदर्भ काय दिला होता, कोणता निष्कर्ष कशाच्या आधारे काढला होता, हे दाखवायला पूर्ण अहवाल हाताशी नाही. आणि ते स्वतः सांगायला हयात नाहीत.

चौकशीनंतरही त्यांची कारकीर्द मोठीच राहिली. अकराव्या कोअरचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं, मग लखनौला मध्य विभागाचे सेनाप्रमुख. १९७१ च्या पावसाळ्यात गोमतीला महापूर आला तेव्हा बांध फुटून शहर बुडू नये म्हणून त्यांनी फौज उतरवली. सॅपरचा हात तिथेही कामी आला. १९७२ मध्ये नव्या उत्तर विभागाचे ते पहिले सेनाप्रमुख झाले आणि सिमला करारानंतर जम्मू-काश्मीरमधली नियंत्रण रेषा आखण्याच्या वाटाघाटी त्यांनीच केल्या. ११ डिसेंबर १९७२ ला सुचेतगढ इथे त्या नकाशांवर भारताच्या वतीने भगत यांची आणि पाकिस्तानच्या वतीने लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान यांची सही झाली. म्हणजे आपल्या देशाच्या एका सीमेची रेषा ज्यांच्या सहीने ठरली, त्यांच्याच सहीचा दुसऱ्या सीमेवरचा कागद आपण लोकांना दाखवत नाही.

लष्करप्रमुखपद मात्र त्यांना मिळालं नाही. जनरल गोपाळ बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि दरम्यान भगत निवृत्त झाले. या निर्णयामागे काय होतं यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. मला त्यात पडायचं नाही. बेवूर हेही मोठे सेनानी होते. निवृत्तीनंतर भगत यांनी दामोदर खोरे महामंडळाचं अध्यक्षपद स्वीकारलं आणि ढासळलेली वीजनिर्मिती सावरायला घेतली. मे १९७५ मध्ये कलकत्त्यात त्यांचं निधन झालं. वय छप्पन्न. तोवर त्यांचा अहवाल कुलपातच होता.

माननीय महोदय, मागण्या मोजक्या आहेत. अहवालाचे सगळे खंड, परिशिष्टांसह, आपल्याच २०२१ च्या धोरणाप्रमाणे तपासून खुले करावेत. जो मजकूर खरोखर देता येत नसेल तेवढ्याच ओळींवर काळी पट्टी मारावी आणि तिथे काय झाकलं आहे याचं कारण शेजारी लिहावं. थोरात यांचं १९५९ चं टिपण आणि अहवाल पुढे पाठवताना लष्करप्रमुखांनी यशवंतरावांना जे लिहिलं, तेही त्यासोबत यावं. म्हणजे कोणालाही एकच पान फडकवता येणार नाही. प्रती राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवाव्यात, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या ग्रंथालयात ठेवाव्यात, आणि एक प्रत खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या केंद्रात, कारण हा कागद लिहिणारा अधिकारी त्यांच्याच पलटणीत घडला.

यात कुणाचा बळी द्यावा अशी माझी इच्छा नाही. ज्यांच्याकडून चुका झाल्या तेही बहुतेक काळाच्या पडद्याआड गेले आहेत. त्यांच्या वारसांना त्रास होईल असं कुणी म्हणेल. पण बेपत्ता म्हणून नोंदलेल्या १,६९६ जणांनाही वारस आहेत आणि त्यांना आजवर कुणीच काही विचारलेलं नाही.

संसदेच्या येत्या अधिवेशनात आपण या अहवालाबद्दल निवेदन करावं, अशी विनंती आहे. यशवंतरावांचं निवेदन २ सप्टेंबर १९६३ ला झालं होतं. त्यात जे सांगायचं राहिलं, ते सांगायची मोकळीक त्यांना नव्हती. आपणास ती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
कराड, जि. सातारा